मदत हवी आहे: उंदराच्या मेंदूतला नकाशा अंधारात बिघडत कसा नाही?

मंडळी, इथे कोणी न्यूरोसायन्स शिकलेलं किंवा शिकवणारं आहे का? नववी-दहावीच्या मुलांना प्राणी वाट कशी शोधतात हे सांगायचंय आणि एका जागी मी पार अडकलेय.

प्लेस सेल समजल्या. १९७१ मध्ये लंडनला जॉन ओ'कीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवणी आणि जागेचं भान सांभाळणारा भाग) सापडल्या, उंदीर ठराविक जागी आला की ठराविक पेशी पेटते, म्हणजे विद्युत संकेत सोडते. मग २००५ मध्ये नॉर्वेत मोझर दांपत्याच्या लॅबमध्ये ग्रिड सेल मिळाल्या, त्यातली एकच पेशी जमिनीवर अनेक ठिकाणी पेटते आणि ते ठिपके जोडले की चक्क षटकोनी जाळी दिसते (किती सुंदर आहे हे!!). २०१४ चं नोबेल तिघांना मिळून.

आता प्रश्न असा की लाइट बंद केला तरी ही जाळी टिकते, म्हणजे उंदीर स्वतःच्या चालीवरून, वळणांवरून हिशोब ठेवत असणार, पण असा हिशोब म्हटला की प्रत्येक पावलाला थोडी चूक होणार आणि ती साचत जाणार ना? मग ती पुसली कधी जाते, भिंतीला अंग लागलं की? बॉर्डर सेल भिंतीजवळ पेटतात एवढं माहितीये, पण त्या ग्रिड सेलना नेमकं कसं सावरतात?

आणि वाळवंटातल्या मुंग्यांना तर हिप्पोकॅम्पसच नसतो, तरी पावलांच्या अंदाजाने सरळ घरी येतात. त्यांचं उदाहरण आधी घेतलं तर मुलांना सोपं जाईल का? प्लीज जरा सविस्तर सांगा, वर्गात करता येईल असा एखादा प्रयोग सुचला तर तोही.