ईसीजीच्या ‘कॉम्प्रेशन’ला काय म्हणावं?

शब्दवेडा: होल्टरच्या (दिवसभर अंगावर बाळगून ईसीजी नोंदवायच्या यंत्राच्या) माहितीपत्रकाचं भाषांतर करतोय. ‘कॉम्प्रेशन’साठी ‘आकुंचन’ लिहिलं, तर डॉक्टरांनी लाल रेघ मारली: आकुंचन हृदयाचं होतं, फाइलचं नाही. मग काय लिहू? आणि ज्यातून मूळ संकेत तंतोतंत परत मिळत नाही, त्या प्रकाराला? ‘हानीयुक्त’ वाचून रुग्ण घाबरेल.

तिरकस: ‘संपीडन’ आहे की.

बोरू: हिंदीतून उचललेलं. रुग्णाला आधीच पीडा कमी आहे का?

तिरकस: ‘पीड्’ म्हणजे दाबणंसुद्धा. हिंदीने वापरला म्हणून शब्द बाटत नाही.

लीड दोन: आम्ही कॉम्प्रेशनच म्हणतो, कुणाचं काही अडत नाही. हानी कशाची, ते बघा. सेकंदाला २५० नमुने, प्रत्येकी दोन बाइट. एका लीडचे, म्हणजे ईसीजीच्या एका रेषेचे, २४ तासांचे ४३ एमबी झाले. १९६८ची अ‍ॅझटेक ही कॉम्प्रेशनची पद्धत संकेताचे सपाट तुकडे नि उतार करून टाकते. क्यूआरएस, म्हणजे ठोक्याचा उंच टोकदार भाग, ठसठशीत राहतो, ठोके बरोबर मोजता येतात. त्याआधीच्या छोट्या पी लहरीच्या मात्र पायऱ्या होतात, नाहीतर ती सपाटीत बुडून जाते. आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) आहे का हे ठरवताना पी आहे की नाही तेच तर शोधायचं असतं!

शब्दवेडा: मग ‘सक्षय’?

बोरू: क्षय? उद्या थुंकी तपासायला पाठवतील. ‘घट’ घ्या. दागिना आटवला की घट धरतातच.

लीड दोन: सोन्याची घट तराजूवर कळते. इथला तराजूच लबाड. पीआरडी म्हणजे मूळ आणि उलगडलेल्या संकेतातल्या फरकाची टक्केवारी. एमआयटी-बीआयएच या ईसीजींच्या संग्रहावर अशा पद्धती तपासतात; त्याच्या नोंदींत प्रत्येक आकड्यात १०२४ मिळवलेले असतात. ते वजा न करता भागाकार केला की भाजक, म्हणजे मूळ संकेत, फुगतो आणि टक्केवारी छान दिसते. शिवाय क्यूआरएस एवढा उंच, की पी पार पुसली गेली तरी आकडा फारसा हलत नाही.

तिरकस: म्हणून ‘घट’ नको, ‘विरूपण’ हवं. आकार बिघडतो, वजन नाही.

बोरू: विरूपण! माहितीपत्रक आहे की पुराण?

नवखी: मधेच विचारते. ‘सेकंदाला २५० नमुने’ वाचून रुग्ण म्हणेल, एवढं रक्त? ‘मापं’ का नाही?

तिरकस: मापं शिंपी घेतो. ‘वाचन’.

बोरू: वाचन डोळ्यांनी करतात!