जबड्याच्या सांध्याचे फ्रॅक्चर : शस्त्रक्रिया केव्हा?

जबड्याच्या सांध्याजवळचे हाड मोडले की ‘हाड सरकले आहे, म्हणजे शस्त्रक्रिया करून धातूची प्लेट बसवावीच लागेल’ असे म्हटले जाते, ते सरसकट खरे नाही. एक्स-रेइतकेच महत्त्व, किंबहुना काकणभर अधिक, वरखालचे दात पूर्वीसारखे जुळतात का याला असते. दात जुळत असतील आणि मोडलेला तुकडा फारसा कललेला नसेल, तर रबरबँडने जबडा काही दिवस आधार देऊन ठेवणे, मऊ आहार आणि मग तोंड उघडण्याचे व्यायाम एवढ्यावर बहुतेकांचे भागते. लहान मुलांच्या बाबतीत तर शक्यतो हाच मार्ग धरतात, कारण त्यांच्या हाडाची स्वतःला नव्याने घडवण्याची क्षमता मोठी असते; मात्र जबडा फार दिवस बांधून ठेवल्यास सांधा आखडण्याची भीतीही त्यांच्यातच जास्त.

प्रौढांमध्ये तुकडा १० अंशांहून अधिक कलला असेल किंवा जबड्याची उभी बाजू २ मिलिमीटर वा अधिक आखूड झाली असेल, तर शस्त्रक्रियेचे पारडे जड होते. अशाच रुग्णांवरील २००६ च्या एका बहुकेंद्री अभ्यासात शस्त्रक्रियेचे निकाल सरस आढळले. दोन्ही सांधे मोडून तोंड मिटल्यावरही पुढचे दात एकमेकांना न टेकता उघडेच राहत असतील, तर निर्णय फार लांबवू नये. चेहऱ्याची नस दुखावणे आणि व्रण राहणे, हे धोके मात्र आधीच विचारून घ्यावेत.

व्यायामाकडे दुर्लक्ष करणे हीच मला सर्वांत मोठी चूक वाटते. आरशासमोर तोंड उघडताना हनुवटी मोडलेल्या बाजूला वळते. ती बोटाने मधोमध धरून, दातांमध्ये चपट्या लाकडी काड्या एकेक वाढवत, सुमारे ४० मिलिमीटरपर्यंत पोहोचायचे असते.