कॅन्सर पेशंटच्या घरच्यांचं क्वालिटी ऑफ लाइफ मोजायला कुठला स्केल घेऊ?

नर्सिंगपीजी
नमस्कार, एम.एस्सी. नर्सिंगचं डेझर्टेशन करतेय, विषय कॅन्सर पेशंटची घरी काळजी घेणाऱ्या नातेवाइकांचं क्वालिटी ऑफ लाइफ. गाइड म्हणतात डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ घे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा क्वालिटी ऑफ लाइफचा छोटा फॉर्म, २६ प्रश्न, पटकन भरून होतो. पाच-सहा जणांकडून भरून घेतला पण मनाला पटत नाहीये. एका काकूंनी जवळजवळ सगळीकडे मधल्याच आकड्यावर टिक केलं आणि फॉर्म परत देताना म्हणाल्या, "माझं काय विचारतेस बाळा, ह्यांचं विचार." कित्येक रात्री सलग झोप नाही त्यांना, हे त्या स्वतःच बोलता बोलता सांगून गेल्या, पण स्कोअर आला ठीकठाक. मग हा मोजतोय तरी काय? काळजी घेणाऱ्यावरचं ओझं मोजणारा झरिट स्केल पण बघितलाय. कुठला घेऊ?

आकडेमोड
ब्रेफ वाईट नाही हो, पण तो सगळ्यांसाठी बनवलाय, शरीर, मन, नातीगोती, आजूबाजूची परिस्थिती, तेही मागच्या दोन आठवड्यांचं. काळजी घेणाऱ्यांची तुलना इतर लोकांशी करायची असेल तर जरूर घ्या. तुमच्या विषयासाठी मात्र सीक्यूओएलसी (केअरगिव्हर क्वालिटी ऑफ लाइफ इंडेक्स-कॅन्सर) बघा, वाइट्झनर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडला, खास कॅन्सर पेशंटच्या घरच्यांसाठीच. ३५ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ० ते १४०. ओझं, विस्कटलेला दिनक्रम, पैशाची काळजी हे तर आहेच पण ह्या आजारपणात काही चांगलं हाती लागलं का, माणूस जवळ आलं का, हेही विचारतो आणि मला वाटतं तीच त्याची खरी ताकद. झरिट मुळात स्मृतिभ्रंशाच्या पेशंटना सांभाळणाऱ्यांसाठी होता, २२ प्रश्न, ० ते ८८, आणि तो फक्त ओझं मोजतो. ओझं भरपूर असूनही माणूस समाधानी असू शकतो, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा वापरू नका. दोन्ही घेतलेत तर एक लक्षात ठेवा, झरिटचा आकडा वाढला की वाईट आणि सीक्यूओएलसीचा एकूण आकडा वाढला की चांगलं, टेबल करताना हमखास गोंधळ होतो. भाषांतर करणार असाल तर आधी परवानगी, मग मूळ फॉर्म न बघितलेल्या माणसाकडून ते परत मूळ भाषेत उलट भाषांतर करून घ्या, म्हणजे अर्थ बदलला का ते कळेल.

रात्रपाळी
मी दोन वर्षं आईचं केलं म्हणून लिहितेय, स्केलमधलं मला कळत नाही. मलाही असाच एक फॉर्म दिलेला, आईच्या कॉटशेजारी बसूनच भरायचा होता. ती जागी होती, उशीवरून मान वळवून कागदाकडे बघत होती. आपलं माणूस जाईल अशी भीती वाटते का, अशा अर्थाचा एक प्रश्न आला आणि मी "अजिबात नाही" वर टिक केलं. दुसरं काय करणार होते? पुढची सगळी उत्तरं पण तशीच गेली, आईला वाचून बरं वाटेल अशी. तुमच्या काकूंचे "हे" तेव्हा कुठे बसले होते, ते आठवून बघा. आणि दुसरं म्हणजे दिवस. केमोनंतर तिसऱ्या दिवशी विचारलं असतं तर मी रडले असते, पुढच्या केमोच्या आदल्या आठवड्यात आई भाजी निवडत बसायची तेव्हा मीही बरी असायचे. फॉर्मवर ते लिहायला जागाच नव्हती.

नर्सिंगपीजी
ताई, ते शेजारीच बसले होते. उद्या काकूंना वेगळ्या खोलीत बोलावते. केमोची तारीख आणि केमोची कितवी फेरी (सायकल) ते पण लिहून घेईन, गाइडना सीक्यूओएलसीचं सांगते.

आकडेमोड
एकदाच न घेता दोन-तीन वेळा घ्या, जमलं तर प्रत्येक वेळी सायकलच्या त्याच टप्प्यावर. आणि एकटं बसल्यावर कुणी "आता मला जमत नाही" म्हणालं तर पुढच्या प्रश्नाकडे वळू नका, फॉर्म बाजूला ठेवा. त्या वेळी त्यांना कुठल्या समुपदेशकाकडे घेऊन जायचं ते पहिला फॉर्म वाटायच्या आधी ठरवा, एथिक्स कमिटीही हेच विचारेल.