लीड्सचा स्टाउटचा डबा आणि आपली इमारत

सदनिका ३०२
सर्व सभासदांना नमस्कार. आमचा मुलगा दिवाळीला इंग्लंडमधील लीड्सहून घरी येत आहे आणि येताना घरी स्टाउट, म्हणजे काळी, दाट बिअर तयार करण्याचे किट सोबत आणण्याचा त्याचा विचार आहे. त्यात माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) पाकाचा १.८ किलोचा डबा आणि यीस्टची पुडी असते, आणि त्यापासून सुमारे २३ लिटर बिअर होते, असे तो सांगतो. मागच्या गॅलरीत झाकणाचे एक पिंप ठेवण्यास कोणाची हरकत आहे का आणि मुळात हे इथे चालते का, हे आधीच विचारलेले बरे, म्हणून लिहीत आहे. १०४ मधील काकांनी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत बरीच वर्षे प्रयोगशाळा सांभाळली आहे, त्यामुळे त्यांचे मत अवश्य हवे.

सदनिका १०४
आधी कायद्याचे सांगतो, कारण बाकी सर्व त्यानंतरचे आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. बिअर ही त्या कायद्याच्या दृष्टीने मद्यच आहे, आणि ती विकायची नसून घरातच प्यायची आहे, असे म्हटल्याने सुटका होत नाही. अवैध दारूच्या बातम्यांत आपण जे कलम ६५ वाचतो ते याच कायद्यातले. पिण्याचा परवाना खिशात असला तरी त्यावर दारू गाळण्याची किंवा बिअर करण्याची मुभा मिळत नाही. इंग्लंडमध्ये मात्र १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करण्यास परवाना लागत नाही, म्हणून तिकडे हे डबे दुकानात राजरोस मिळतात. मुलाला डबा लीड्सलाच ठेवायला सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सदनिका २०१
काका, आपला अनुभव मोठा आहे, तरीही एक शंका विचारतो. ओढ्यावरच्या रेणुकेच्या यात्रेला कोल्हापुरात घरोघरी आंबील होते आणि तीही आंबवलेलीच असते. मग एका पिंपात बार्लीचा पाक आंबवला तर एवढे काय बिघडले?

सदनिका १०४
शंका योग्य आहे, पण दोन्हीकडे काम करणारे जीव वेगळे आहेत. आंबिलीत प्रामुख्याने ताकातले जिवाणू साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात आणि त्यामुळे तिला आंबटपणा येतो. किटच्या पुडीत यीस्ट असते आणि ते साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. अशा किटमध्ये सुरुवातीला द्रवाची घनता (पाण्याची १ धरून) साधारण १.०४५ असते आणि किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, संपल्यावर ती १.०१२ च्या आसपास येते. या दोन आकड्यांमधील फरकाला १३१ ने गुणले की अल्कोहोलची टक्केवारी निघते, म्हणजे इथे सव्वाचार टक्क्यांच्या थोडे वर. कारखान्यातल्या मंडळींसाठी सांगायचे तर १.०४५ म्हणजे साधारण ११ ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम द्रवात सुमारे ११ ग्रॅम साखर. रसाचे ब्रिक्स पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटते, हे मान्य करतो. पण म्हणून ते आपल्या गॅलरीत करावे, असे मी म्हणणार नाही.

सदनिका ४०३
कायद्याचे राहू द्या, मला भीती वेगळीच आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. घरी केलेल्या बिअरमध्ये असे विष तयार होणार नाही, याची खात्री कोण देणार?

सदनिका १०४
ताई, मालवणीत घात केला तो मिथेनॉलने, आणि ते दारूत बाहेरून मिसळले गेले होते. बार्लीच्या पाकाच्या किण्वनात मिथेनॉल नगण्य प्रमाणात होते, आणि बिअरमध्ये ऊर्ध्वपातन (दारू गाळणे) नसल्यामुळे ते कुठे साठून तीव्रही होत नाही. इंग्लंडमध्येसुद्धा घरी बिअर करायला मोकळीक आहे, पण परवान्याशिवाय दारू गाळायला नाही. घरच्या बिअरमध्ये खरा धोका असतो तो बाटली फुटण्याचा.

सचिव
या चर्चेत समितीचा वेगळा निर्णय घेण्याची गरज दिसत नाही. कायद्याने जे करता येत नाही त्याला सोसायटी परवानगी देऊ शकत नाही, एवढे नोंदवतो. माहिती म्हणून चर्चा चालू ठेवण्यास हरकत नाही.

सदनिका ३०२
सर्वांचे आभार. मुलाशी बोलणे झाले आणि त्याने डबा तिकडेच ठेवण्याचे मान्य केले आहे. आम्ही दोघे जूनमध्ये लीड्सला जाणार आहोत, तेव्हा तो तिथेच करून ठेवीन म्हणतो. काका, त्याने कोणती काळजी घ्यावी ते कृपया लिहा. आणि आमच्या सौ. विचारतात की किटमध्ये वरून जी एक किलो साखर घालायला सांगतात, तिच्याऐवजी शाहू मार्केट यार्डातला गूळ पाठवला तर चालेल का?

सदनिका १०४
वहिनींचा प्रश्न नेमका आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकते. त्यातून अल्कोहोल वाढते पण तोंडात भरणारा दाटपणा काहीच उरत नाही, आणि स्टाउटला तर तोच हवा. त्यामुळे त्या एक किलो साखरेऐवजी सुका माल्ट अर्क (माल्टच्या पाकाची भुकटी) वापरावा. थोडा महाग पडतो, पण पातळ, पाणचट स्टाउट टाळण्याचा याहून सोपा उपाय नाही. गूळही बहुतांशी साखरच असल्यामुळे दाटपणाच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. मात्र माल्टसोबत पाव किलोपर्यंत घातला तर त्याचा खमंगपणा स्टाउटच्या भाजक्या चवीशी चांगला जुळेल. स्टाउटचा काळा रंग आणि कॉफीसारखा कडवटपणा येतो तो भाजलेल्या बार्लीमुळे, आणि ती चव डब्यातल्या पाकात आधीच उतरवलेली असते. हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणाही त्यातच असतो, म्हणून वेगळे काही उकळत बसावे लागत नाही.

डबा उघडण्यापूर्वी थोडा वेळ गरम पाण्यात ठेवावा, कारण आतला पाक काकवीसारखा दाट असतो आणि थंड असताना निम्मा डब्यालाच चिकटून राहतो. तीनेक लिटर उकळत्या पाण्यात तो आणि माल्ट अर्क नीट विरघळवून मग गार पाण्याने २३ लिटरपर्यंत न्यावे. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते आधी उकळून गार करून घ्यावे. नाहीतर बिअरला औषधी वास लागतो आणि तो नंतर काही केल्या जात नाही. पिंप, चमचा, झाकण, नळी, जे जे या द्रवाला लागेल ते सर्व निर्जंतुक केलेले हवे. बिघडलेल्या बहुतेक घाण्यांचे मूळ इथेच सापडते, हे मी डिस्टिलरीतल्या अनुभवावरून सांगतो.

द्रव २० अंशांच्या आसपास आल्यावरच यीस्ट घालावे. किण्वनात स्वतःची उष्णता निर्माण होते आणि आतले तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंश चढते. ते पंचविशीच्या पुढे गेले की जड अल्कोहोले आणि फळांसारखे उग्र वास तयार होतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात हे सांभाळणे अवघड गेले असते. लीड्समध्ये घरातला एक सावलीचा कोपरा पुरेसा आहे.

आता बाटल्यांविषयी. झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या एअरलॉकमधले बुडबुडे थांबले म्हणजे काम संपले, असे समजू नये. घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस सलग तोच राहिला, तरच बाटल्या भराव्यात. भरताना लिटरला चार-पाच ग्रॅम साखर घालतात, म्हणजे उरलेले यीस्ट ती खाऊन बाटलीतच वायू तयार करते. ही साखर वजन करूनच घालावी आणि तिथे गूळ वापरू नये, कारण गुळातला ओलावा ढेपेगणिक बदलतो आणि अंदाज चुकतो. किण्वन अर्धवट असताना वर जास्त साखर पडली की काच फुटते, आणि ती कोणाच्या तोंडासमोर फुटेल याचा नेम नसतो. बाटल्या बिअरसाठीच बनवलेल्या, जाड काचेच्या घ्याव्यात.

सदनिका २०१
काका, मग त्यांनी जूनसाठी सुरुवात केव्हा करायची?

सदनिका १०४
पिंपात दोन आठवडे धरा, बाटल्या भरल्यावर वायू तयार होण्यासाठी उबदार जागी दोन आठवडे, आणि त्यानंतर गार जागी निदान महिनाभर. स्टाउटला शेवटच्या महिन्याचा फायदा इतर बिअरपेक्षा अधिक होतो, कारण भाजक्या बार्लीचा तुरटपणा त्या काळात बसतो. मार्चच्या अखेरीस यीस्ट घातले तर जूनला पुरेसा वेळ मिळतो. वहिनींनी गूळ पाठवायचा तर तो बिनरसायनी आणि काळपट घ्यावा, आणि दिवाळीनंतर मुलगा परत जाताना त्याच्याच सामानात द्यावा.