भाचीच्या दातांवरील तपकिरी पट्टे : दात पांढरे करून घ्यावेत का?

प्रश्न : गुरुजी_केळापूर

नमस्कार. माझी भाची एकोणीस वर्षांची असून पांढरकवड्याजवळच्या एका खेड्यात लहानाची मोठी झाली. तिच्या वरच्या समोरच्या चार दातांवर आडवे तपकिरी पट्टे आहेत आणि बाकीच्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग आहेत. ती सकाळ-संध्याकाळ ब्रश करते, खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण) किंवा सुपारीला कधी हात लावत नाही, तरीही पाहुणे मंडळी "पोरगी दात घासत नाही का?" असे तोंडावर विचारतात आणि त्याचे तिला फार वाईट वाटते. तिच्या धाकट्या भावाला नुकत्याच आलेल्या पक्क्या दातांवरही तसेच डाग दिसत आहेत. याउलट त्यांच्याच घरातील थोरल्या चुलतभावाचे दात स्वच्छ आहेत. तो आजोळी वाढला आणि तिथे सगळे उघड्या विहिरीचे पाणी पीत.

तालुक्याच्या ठिकाणी एका खाजगी दवाखान्यात दाखवले, तेव्हा समोरचे आठही दात यंत्राने थोडे घासून त्यांवर व्हेनिअर (दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पातळ पापुद्रा) बसवावे लागतील असे सांगितले. एवढ्या कमी वयात चांगले दात घासू द्यावेत का? नुसती सफाई करून डाग जाणार नाहीत का? सफाईने दात हलू लागतात असे घरचे म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे? टूथपेस्टमधील फ्लोराइडमुळे हे झाले असेल, तर ती बंद करावी का?

उत्तर : दंतवैद्य_ग्रामीण_रुग्णालय

गुरुजी, आपण चुलतभावाचा उल्लेख केला हे फार चांगले झाले, कारण निदानाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची माहिती आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय खात्रीने बोलता येत नाही, परंतु आपण केलेले वर्णन दंत फ्लोरोसिसचे आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे, आणि उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरच्या पाण्यात ते अधिक असल्याचे पुष्कळदा आढळते. हिरडीच्या आत दाताचे कवच तयार होत असते त्या काळात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत, असे पाणी रोज पोटात गेले तर कवच सच्छिद्र बनते. दात येताना पांढरट दिसतो आणि पुढे त्या छिद्रांत रंग मुरून पट्टे तपकिरी होतात. यात मुलीच्या घासण्याचा काहीही दोष नाही, आणि हे पाहुण्यांना स्पष्ट शब्दांत सांगण्याची जबाबदारी घरातील मोठ्यांनी घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

डाग कवचाच्या आत असल्यामुळे सफाईने ते जाणार नाहीत. सफाईने निघते ते दातांवर साचलेले कीटण. सफाईमुळे दात हलत नाहीत; कीटणामुळे हिरडी आणि हाड आधीच खाली गेलेले असते, दातांमधील फटी कीटणाने भरलेल्या असतात, आणि ते निघाल्यावर मोकळी जागा जिभेला जाणवते म्हणून तसा समज होतो.

व्हेनिअरची घाई मात्र करू नये. त्यासाठी घासलेले कवच पुन्हा येत नाही, आणि एकदा बसवलेले व्हेनिअर आयुष्यात केव्हा तरी बदलावेच लागते. सौम्य ते मध्यम डागांसाठी आधी मायक्रोअब्रेजन करून पाहावे. त्यात आम्ल आणि बारीक भुकटीच्या मिश्रणाने कवचाचा अगदी पातळ थर काढला जातो आणि वरवरचे तपकिरी डाग बरेच फिके होतात. त्यानंतर गरज वाटल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्लीचिंग करता येते, ज्यामुळे आजूबाजूचा दात उजळून पांढरे डाग कमी उठून दिसतात. काही दिवस थंड पाणी झोंबते, परंतु हा त्रास बहुधा तात्पुरता असतो. एवढे करूनही पट्टा राहिलाच, तर तेवढ्या भागावर दाताच्या रंगाचे कंपोझिट (दात भरण्याचे मिश्रण) लावावे. कवचाला खड्डे पडले असतील किंवा त्याचे तुकडे निघत असतील, तेव्हाच व्हेनिअरचा किंवा कॅपचा विचार करणे योग्य ठरते. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालयात दुसरे मत अवश्य घ्यावे. आणि कृपया लिंबू, खाण्याचा सोडा, कोळशाची पूड किंवा बाजारात बसून "औषधाने" दात पांढरे करून देणारा माणूस, यांपैकी कशाचाही प्रयोग तिच्या दातांवर होऊ देऊ नका.

टूथपेस्ट बंद करू नये. ती गिळायची नसते आणि किडीपासून संरक्षण करते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट मोठ्या माणसाने स्वतः ब्रशवर लावून द्यावी आणि थुंकायला लावावे.

उत्तर : वरोऱ्याची_ताई

गुरुजी, डॉक्टरांनी दातांचे सांगितले, मी पाण्याचे सांगते. ग्रामपंचायतीकडे किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो. भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. आमच्या वस्तीतील हापशीचा अहवाल आल्यावर तिच्यावर लाल रंगाने "पिण्यास अयोग्य" असे लिहिले गेले, तरी पाणी चवीला गोड लागते म्हणून बाया तिथूनच गुंड भरत असत. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तुरटी फिरवून गाळ बसवल्याने किंवा साध्या कँडलच्या फिल्टरनेही घरच्या घरी ते निघत नाही. आरओचे पाणी किंवा तपासलेल्या विहिरीचे पाणी हाच मार्ग आहे. धुण्या-भांड्यांना हापशीचे पाणी चालते, परंतु वरण-भात आणि चहाही चांगल्या पाण्यातच करावा. भाचीचे दात घडून गेले आहेत. धाकट्याच्या मागच्या दाढा कदाचित अजून घडत असतील, म्हणून हे काम याच आठवड्यात करावे.

गुरुजी_केळापूर

दोघांचेही मनापासून आभार. अहवालासाठी सोमवारी ग्रामपंचायतीत अर्ज देतो. आणखी एक विचारायचे होते. भाचीचे वडील दिवसभर खर्रा खातात. त्यांचे दात काळे झाले आहेत आणि आता तिखट जेवण झोंबते, तोंडही नीट उघडत नाही. भाचीसोबत त्यांचीही सफाई करून घ्यावी का?

दंतवैद्य_ग्रामीण_रुग्णालय

गुरुजी, त्यांचे दात सध्या बाजूला ठेवावेत. तिखट झोंबणे आणि तोंड कमी उघडणे ही सबम्यूकस फायब्रोसिसची लक्षणे आहेत. पन्नीवर घोटलेल्या खर्ऱ्यातील सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ अस्तर ताठ होत जाते आणि त्याचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. तंबाखू आणि चुना त्यात भर घालतात. त्यांना आरशासमोर बसवून स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते पाहायला सांगा, आणि गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का तेही पाहा. यांपैकी काहीही आढळले वा न आढळले, तरी त्यांना भाचीच्या आधी दंतवैद्याकडे न्यावे. नुसती तंबाखू काढून "साधी सुपारी" चालू ठेवण्याचा तोडगा ते सुचवतील. तो मान्य करू नये. खर्रा पूर्ण सुटल्याशिवाय कोणत्याही औषधाचा किंवा तोंड उघडण्याच्या व्यायामाचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. तपासणी झाली की अहवाल इथे लिहावा, पुढचे मी सांगेन.