'नाइस' म्हणजे पूर्वी मूर्ख?

लालपेन: आठवीचे इंग्रजी निबंध तपासतेय. आई नाइस, सहल नाइस, वडापावसुद्धा नाइस! स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, या शब्दाचा मूळ अर्थ 'अडाणी'. थट्टा करतायत की खरंच?

पोथीवाचक: खरंच आहे, मॅडम. लॅटिन 'नेस्किउस', म्हणजे ज्याला काही ठाऊक नाही तो. 'ने' म्हणजे नाही (संस्कृत 'न'चा भाऊबंद), 'स्किरे' म्हणजे जाणणे. गंमत बघा, 'सायन्स'ही याच 'स्किरे'च्या घरातला. जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास इंग्रजीत आला तो मूर्ख, बावळट या अर्थाने. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्यानेही तसा वापरलाय. पुढे लाजाळू, नखरेल, चोखंदळ, काटेकोर असं करत करत १८व्या शतकात 'छान'वर येऊन टेकला. एका शब्दाने किती घरं फिरावीत!

तारीख_पे_तारीख: काटेकोरवाला अर्थ अजून जिवंत आहे हां. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छान फरक नव्हे, बारीक फरक. वकिली इंग्रजीत भेटतो अधूनमधून.

लालपेन: म्हणजे सर खरं बोलत होते, चहा पाजावा लागणार. बरं, चांगल्याचा वाईट झालेला कुणी आहे का?

पोथीवाचक: आहे ना, 'सिली'. जुन्या इंग्रजीत 'सॅलिग' म्हणजे सुखी, धन्य. मग निष्पाप, मग बिचारा, दुबळा आणि शेवटी वेडगळ. त्याचा जर्मन भाऊ 'झेलिग' मात्र अजून धन्यच आहे.

लालपेन: उद्या फळ्यावर दोन्ही लिहिते. निबंधात 'नाइस' दिसला की आता अर्थ विचारणार!