भेट द्यायची तर गूळपोळीच

ताई, इंदूरहून भेट म्हणून घरचं गोड काय द्यावं, असं तुम्ही विचारलंय. वर कुणीतरी कलाकंद सुचवलाय, पण तुम्हाला डबा पुण्याला पाठवायचाय ना? मग मावा आणि ओला नारळ दोन्ही बाद. कलाकंद इथल्या इथे, त्याच दिवशी द्यायचा पदार्थ. आणि इंदूरच्या माणसाला घरचा कलाकंद द्यायला धाडस लागतं, सराफा, म्हणजे इथला खाऊचा बाजार, हाकेच्या अंतरावर असताना!

माझं मत, बाजारात सहज मिळत नाही ते द्या. इथल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांकडे गूळपोळीचं जे कौतुक होतं, ते काजूकतलीचं कधीच होत नाही. गूळ मऊ घ्या, चिकीचा नको, त्याने पोळी कडक होते. तो किसून त्यात भाजलेल्या तिळाचं कूट, खसखस, सुकं खोबरं आणि तुपात खमंग भाजलेलं बेसन घाला. बेसनामुळे गूळ पातळ होऊन कडेने बाहेर येत नाही. कणकेत कडकडीत तेलाचं मोहन हवंच. पोळ्या पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात भरा. कोमट भरल्या की वाफ धरते आणि मऊ पडतात. नीट भाजलेल्या पोळ्या थंडीत आठ दिवस सहज टिकतात.

प्रवासात तुटण्याची भीती असेल तर बेसनाचे लाडू. पाण्याचा थेंब नसतो, त्यामुळे टिकतातही. फक्त पिठीसाखर बेसन कोमट झाल्यावर मिसळा, नाहीतर लाडू बसतात.

आणि स्टीलचा डबा पाठवू नका, परत येत नाही.